वांगणीतलं वन बीएचके : सहा पावसाळे काढल्यानंतर

घराची चावी हातात आली डिसेंबर २०१९ मध्ये. म्हणजे या घरात माझे सहा पावसाळे झाले, आणि सहा उन्हाळेही. वांगणीत, म्हणजे कर्जत लाइनवर बदलापूरच्या पुढच्या स्टेशनला, घर कसं आहे हे कळायला पावसाळ्यापेक्षा उन्हाळाच जास्त कामाला येतो, ते पुढे सांगते. गाडीतल्या बायका, दुकानातल्या मुली, चिपळूणची चुलतबहीण, सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "ताई, तिकडे घ्यावं का गं घर?" प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. बिल्डरचं नाव लिहीत नाही. या पट्ट्यातल्या कुठल्याही कॉम्प्लेक्समध्ये गेलात तरी विचारायचे प्रश्न तेच आहेत.

आधी कुठून आलो ते सांगते, म्हणजे मी कशाच्या तुलनेत बोलते आहे ते कळेल. वांगणीत येण्याआधी नऊ वर्षं आम्ही कळव्यात भाड्याने राहिलो. नऊ वर्षांत सहा खोल्या. अकरा महिन्यांचा करार, दर वेळी नवं डिपॉझिट, एजंटला एक महिन्याचं भाडं. एका खोलीत मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मुलाची परीक्षा तोंडावर असताना खोली रिकामी करावी लागली. गॅसच्या पुस्तकावर चार पत्ते बदलले होते. पाचवा पत्ता माझ्या नावाचा पाहिजे, हे मी तिथे सामान बांधताना ठरवलं.

मी मस्जिद बंदरला मसाल्याच्या घाऊक दुकानात बिलिंगचं काम करते. हे अंबरनाथच्या एमआयडीसीत मशीनवर आहेत. दोघांचा पगार धरून बँक जेवढं कर्ज देईल तेवढ्यात कळव्यात स्वयंपाकघरही आलं नसतं. डोंबिवली बघितली, अंबरनाथ बघितलं, बदलापूर बघितलं. गाडी एकेक स्टेशन पुढे जाते तसा भाव उतरत जातो, हे या लाइनवर घर शोधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बदलापूर एके काळी स्वस्त म्हणून लोक तिथे गेले. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. लोक वाढले, भाव वाढले, आणि आमच्यासारखे जे मागे राहिले ते पुढच्या स्टेशनला उतरले. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी. सीएसएमटीपासून वांगणी जवळजवळ ऐंशी किलोमीटर आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये टोकन दिलं. ब्रोशरवर ५८० चौरस फूट लिहिलं होतं, भाव चौरस फुटाला ३,०००, म्हणजे १७ लाख ४० हजार. करारनाम्यात कार्पेट ३४९. हा फरक ऐकून पहिल्यांदा पोटात गोळा आला होता. पण घर घेणाऱ्यांसाठीचा रेरा कायदा आल्यापासून करारनाम्यात कार्पेटच लिहावं लागतं, तेव्हा तो आकडा बघून मगच सही करा. ब्रोशरवरच्या आकड्यात जिना, लिफ्ट, लॉबी सगळं मिसळलेलं असतं, आपल्या सतरंजीखाली येते ती फक्त कार्पेटची जागा.

माझे सासरे, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, जन्मभर गवंडीकाम केलेले. ताबा घ्यायच्या आदल्या दिवशी ते टेप घेऊन आले आणि घर पूर्ण मोजलं. ३४६ भरलं. मग खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं, जमिनीवर उकिडवे बसले आणि एकेक लादी नाण्याने वाजवत हॉलपासून मोरीपर्यंत सरकत गेले. भरीव लादी टक्क वाजते, पोकळ लादी ढप्प वाजते. जिथे ढप्प वाजलं तिथे मी खडूने फुली मारत गेले. अकरा फुल्या झाल्या. साइटवरचा इंजिनिअर आधी हसला, मग तात्यांचे हात बघून गप्प झाला. अकरापैकी नऊ लाद्या बदलून मिळाल्या. राहिलेल्या दोन पलंगाखाली आहेत, अजून शाबूत आहेत. तुमच्याकडे तात्या नसतील तर एखाद्या गवंड्याला पाचशे रुपये देऊन न्या, पण नाणं वाजवल्याशिवाय ताबा घेऊ नका.

घर म्हणून घराबद्दल माझी तक्रार फार थोडी आहे. हॉल चौदा बाय दहा, बेडरूम दहा बाय नऊ, स्वयंपाकघर लहान पण ओट्यासमोर खिडकी. वारा आरपार जातो. कळव्यात दुपारी बारा वाजता दिवा लावून पोळ्या लाटायचे मी, इथे संध्याकाळी सहापर्यंत दिवा लागत नाही. बेडरूमच्या खिडकीतून चंदेरी किल्ल्याचं टोक दिसतं. जूनमध्ये ते ढगात जातं आणि मग दोन-दोन दिवस दिसत नाही. तात्या सकाळचा चहा तिथेच घेतात. तिसऱ्या वर्षी बाथरूमच्या भिंतीला ओल आली, तेव्हा बिल्डरच्या माणसाने "आता आमची जबाबदारी नाही" म्हणून सांगितलं. रेरात ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवरच असते. मी ते कलम लिहून अर्ज केला, पोच घेतली, आठ महिने लागले, पण भिंत फोडून पाइप बदलून दिला. तोंडी सांगून काही होत नाही. अर्ज आणि पोच, दोन्ही पाहिजेत.

पैशांचंही खरं खरं सांगते. तेरा लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी घेतलं, हप्ता साडेअकरा हजारांच्या जवळ. प्रधानमंत्री आवास योजनेची व्याज सवलत तेव्हा चालू होती. सहा लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पहिल्या सहा लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के सवलत, जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार. अट ही की घरावर बाईचं नाव पाहिजे, एकटीचं किंवा जोडीने. त्या अटीमुळे करारनाम्यावर माझं नाव पहिलं आलं. एजंटने आधी ह्यांचं एकट्याचंच नाव टाकलं होतं. अनुदान कर्जातून वळतं झालं आणि हप्ता नऊ हजारांवर आला. ही रक्कम मिळाली नसती तर २०२० मध्ये आमचं घर टिकलं नसतं, हे मी देवासमोर सांगते. ती जुनी सवलत आमच्या गटासाठी मार्च २०२२ मध्ये बंद झाली, आता योजनेचा दुसरा टप्पा आहे आणि त्याचे नियम वेगळे आहेत. एजंट जुनंच अनुदान सांगत असेल तर बँकेत जाऊन खात्री करा.

जीएसटीचं एक दुखणं मनात राहिलंय. आम्ही घेतलं तेव्हा परवडणाऱ्या घरांवर ८ टक्के होता. १ एप्रिल २०१९ पासून तो १ टक्का झाला. शेजारच्या विंगमधल्या वहिनींनी मे महिन्यात बुकिंग केलं, त्यांच्या इमारतीला नवा दर लागू झाला. सहा महिन्यांचं अंतर आणि लाखाहून जास्त रुपयांचा फरक. ज्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळालेला आहे तिथल्या घरावर जीएसटी नसतोच. आज कुणी घेत असेल तर मी तयार इमारतीतलंच बघायला सांगेन, आणि त्याचं पहिलं कारण जीएसटी हे नसून पाणी आहे.

ब्रोशरमध्ये "चोवीस तास पाणी" असं लिहिलं होतं. निळ्या धबधब्याच्या चित्राखाली. आम्ही नोव्हेंबरमध्ये साइट बघायला आलो होतो, तेव्हा नळ सोडला तर पाणी धो धो आलं. नोव्हेंबरात बोअरवेलला पाणी असतंच. पहिल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बोअरचं पाणी गढूळ झालं, मार्चमध्ये मोटर हवा ओढायला लागली आणि टँकर सुरू झाले. नळाची जोडणी करून द्यायची बिल्डरने कबूल केलेली होती, त्याने तिचे कागदच पूर्ण केले नव्हते. सोसायटी झाल्यावर आम्ही बायकांनी ते काम हातात घेतलं, आणि नळ आला तो २०२३ च्या शेवटी. चार वर्षं.

मी सोसायटीची खजिनदार आहे, म्हणून वही माझ्याकडे असते. नळ येण्याआधीची, मे २०२३ ची नोंद बघून लिहिते. दहा हजार लिटरचे ४४ टँकर, प्रत्येकी २,०००, एकूण ८८ हजार. राहती घरं ४९. घरटी जवळजवळ अठराशे रुपये, आणि वर मेंटेनन्सचे बाराशे. म्हणजे हप्ता नऊ हजार म्हणून जे घर घेतलं, ते उन्हाळ्यात बारा हजारांना पडतं. हे गणित कुठलाही एजंट मांडून दाखवत नाही. नळ आल्यावर आणि २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच कोसळल्यामुळे टँकर वीसवर आले. पण दर वर्षी पाऊस मे महिन्यात येणार नाही.

टँकर आला की कसं असतं ते बघितल्याशिवाय कळत नाही. सकाळी साडेसहाला गेटवर हॉर्न वाजतो. पाइप टाकीत सोडला की वीस मिनिटं तो घोंघावत असतो आणि कुणीतरी शेजारी उभं राहावं लागतं, कारण पाइप उसळला की पाणी पार्किंगमध्ये वाहून जातं. माझी गाडी सहाची, त्यामुळे आमच्या घराची पाळी आली की तात्या उभे राहतात. कमरेवर हात ठेवून, शेवटचा थेंब पडेपर्यंत. गवंड्याला पाण्याची किंमत माहीत असते.

आता पावसाळा. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली होती, हजाराच्या वर माणसं गाडीतून सोडवावी लागली. ती बातमी टीव्हीवर बघताना आमचा ताबा पाच महिन्यांवर होता. दुसऱ्या रविवारी आम्ही पळत आलो. इमारत उंचावर होती, पाणी तिथवर आलं नव्हतं, आम्ही सुटकेचा श्वास सोडला. तेव्हा गेटसमोरच्या टपरीत बसलेल्या आजींनी सांगितलं होतं, "हितं आमचं भाताचं खाचर व्हतं पोरी. ती पान्याची वाट हाय. वाट अडवली तर पानी कुठं जाईल?" मी ऐकलं आणि विसरले. बिल्डरने कंपाउंडच्या कडेचा ओढा दोन सिमेंटच्या नळ्यांत घालून वर रस्ता केला होता. पुढच्या जुलैत नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या आणि पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, तीन स्कूटर आणि लिफ्टची मोटर गेली. आजी चार वर्षं शाळा शिकलेल्या, पण त्या जमिनीचा नकाशा त्यांच्या डोक्यात होता. घर बघायला याल तेव्हा सॅम्पल फ्लॅटआधी अशी एखादी आजी शोधा. २००५ च्या जुलैत आणि २०१९ च्या जुलैत पाणी कुठवर आलं होतं, एवढंच विचारा.

आजींचं खाचर विकलं गेलं तेव्हा पैसा आला. पक्कं घर झालं, एका मुलाने टेम्पो घेतला, लग्नं झाली. आजी म्हणतात, "आता तांदूळ दुकानातून आनतो." त्यांचा नातू आमच्याकडे प्लंबिंगची कामं करतो. आपल्या आजोबांच्या शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत तो लोकांचे नळ दुरुस्त करतो. मला त्याच्याशी पैशांवरून बोलताना जड जातं. जूनच्या सुरुवातीला स्टेशनबाहेर ठाकूरवाडीतल्या बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात, सोबत काकडं ही रानफळं, भाजीने घशाला खाज सुटू नये म्हणून. एका मावशीने मला शेवळाची भाजी करायला शिकवली. एकदा तिने सांगितलं, "तुमच्या बोरवेली आल्या तवापासून आमची इहीर मार्चालाच उघडी पडते." त्या दिवशी मी भाव केला नाही, आणि त्यानंतर तिच्याशी कधीच केला नाही.

गाव किती बदललं हे कागदावर कुठे सापडत नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ मध्ये होणार आहे. तोवर सरकारदरबारी आमच्या गावाची माणसं २०११ ची. तेव्हा आमची इमारत नव्हती, समोरच्या पाच नव्हत्या, मागच्या टेकडीलगतचा अख्खा कॉम्प्लेक्स नव्हता. रेशनचा कोटा त्याच जुन्या मोजणीवर चालतो. मी मात्र लोकसंख्या गाडीतल्या सीटवरून मोजते. जानेवारी २०२० मध्ये सकाळच्या गाडीला वांगणीला लेडीज डब्यात खिडकी मिळायची. २०२२ मध्ये तिसरी सीट. २०२४ मध्ये चौथी, अर्धी हवेत. आता मी बदलापूरपर्यंत उभी असते, आणि बदलापूरला जी लाट आत येते तिच्यात बसायचं नावच नको, मग कल्याणला कुणी उतरली तर नशीब. शेलू-नेरळच्याच बायकांनी डबा भरून येतो. मस्जिदला फास्ट गाडी थांबत नाही, म्हणून सीएसएमटीला उतरून मी उलटी चालत येते. घराच्या दारापासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत अडीच तास, आणि तेवढेच परत. दिवसाचे पाच तास. नोकरी मुंबईत असेल तर घर बघायला येण्याआधी एक आठवडा ही गाडी करून बघा. पास काढा, रोज या, रोज जा. हे मी मनापासून सांगते, कारण आमच्या मजल्यावरची एक मुलगी सहा महिन्यांत पाठीचं दुखणं घेऊन बसली आणि त्यांना घर भाड्याने देऊन पुन्हा दिवा स्टेशनजवळ राहायला जावं लागलं.

आणि गाडी थांबली की वांगणी किती लांब आहे ते कळतं. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. अत्यावश्यक सेवेत मी बसत नव्हते. मालकाने अर्धा पगार दोन महिने दिला, मग तोही थांबला. हप्ते तीन महिने पुढे ढकलले, त्याचं व्याज पुढे भरलं. ऑक्टोबरच्या २१ तारखेला बायकांना गर्दीची वेळ सोडून प्रवासाला परवानगी मिळाली, त्या दिवशी अकराच्या गाडीत मी बसले आणि डब्यात आम्ही नऊ जणी होतो. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, तरी कल्याण येईपर्यंत सगळ्याजणी बोलत होत्या.

सोसायटीच्या वहीतली आणखी एक नोंद. आमच्याकडे ५६ घरं. ३२ घरांत मालक स्वतः राहतात. त्यातले १२ ठाणे-कळवा-दिव्याचे, ९ मुंबईतले, म्हणजे लालबाग, सायन, घाटकोपर, मानखुर्द, ६ उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरकडून आलेले आणि ५ इथल्याच आसपासच्या गावांतले. १७ घरं भाड्याने दिलेली. त्यांत बीड-जालन्याची कुटुंबं आहेत, जौनपूरची आहेत, एक कलबुर्गीचं आहे. ७ घरांना कुलूप. ती गुंतवणूक म्हणून घेतलेली आहेत. परवडणारी घरं म्हणून जी बांधली, त्यातली सात घरं सहा वर्षं रिकामी आहेत आणि स्टेशनजवळच्या चाळीत एकेका खोलीत सहा-सहा माणसं राहतात. याचा मला राग येतो. मीटिंगमध्ये मी ते बोलून दाखवते.

वांगणीत अनेक अंध कुटुंबं राहतात, हे बाहेरच्या बऱ्याच जणांना कळलं ते एप्रिल २०२१ मध्ये. अंध आईबरोबर प्लॅटफॉर्मवरून चालणारा लहान मुलगा रुळावर पडला आणि समोरून एक्स्प्रेस येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके धावत गेले, त्याला वर ढकललं आणि स्वतःही वर चढले. ज्या प्लॅटफॉर्मवर मी रोज उभी राहते तिथेच. शेळकेंनी बक्षिसाच्या रकमेतली अर्धी त्या मुलासाठी दिली. ही कुटुंबं इथे आली ती आमच्यासारखीच, भाडं झेपतं म्हणून, आणि गाडी थेट मिळते म्हणून. बरेचजण लोकलमध्येच विक्री करतात.

आमच्या चौथ्या मजल्यावर असंच एक जोडपं भाड्याने आलं. दादा मोबाइलचे कव्हर आणि मुलांच्या क्लिपा विकतात, वहिनी घरी पापडाचं काम करतात. लिफ्टची बटणं सपाट, स्टीलची, बोटाला काही लागत नाही. पहिले दोन महिने दादा जिन्यानेच चढत होते. पायऱ्या मोजत. एका रविवारी आजींचा नातू एम-सीलची पुडी घेऊन आला. दोन रंगांचा लगदा मळला, मुगाएवढे गोळे केले आणि प्रत्येक बटणाशेजारी मजल्याइतके ठिपके चिकटवले. तळमजल्याला आडवी रेघ. दादांनी अंगठा फिरवून बघितला, चार ठिपक्यांवर थांबले, दाबलं. लिफ्ट वर गेली. आता लहान मुलंही ठिपके मोजून बटण दाबतात. नवीन बिल्डरांनी एवढं तरी आधीच करावं, त्याला खर्च येत नाही.

शाळेबद्दल विचारतात सगळ्या. मुलगा पाचवीत असताना आलो, वर्गात अडतीस मुलं होती. दहावीला त्याच शाळेत दोन तुकड्या झाल्या, दोन्ही भरगच्च. मराठी शाळेत जौनपूरची मुलं मराठीत कविता म्हणतात आणि माझा मुलगा त्यांच्याकडून भोजपुरी शिकला. शिक्षक मनापासून शिकवतात, बाकं मात्र पोरांच्या वेगाने वाढलेली नाहीत. अकरावीपासून त्याला बदलापूर गाठावं लागतं.

दवाखाना हा या गावातला सगळ्यात कच्चा दुवा आहे. दिवसा ताप-खोकल्याचे डॉक्टर आहेत, चांगले आहेत. रात्री एक वाजता तात्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रिक्षाने बदलापूर गाठायला चाळीस मिनिटं गेली. ॲसिडिटी निघाली. पण त्या चाळीस मिनिटांनंतर मी दोन रिक्षावाल्यांचे नंबर दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले. घरात म्हातारं माणूस किंवा बाळंतपण असेल तर हा विचार सगळ्यात आधी करा.

एजंट लोक सध्या पनवेल-कर्जत लोकल आणि नवी मुंबई विमानतळ यांची नावं सांगून भाव चढवतात. पनवेल-कर्जत मार्ग वांगणीवरून जात नाही. त्या गाडीसाठी आधी उलट कर्जतला जावं लागेल. कर्जत-चौककडच्या माणसाला त्याचा फायदा आहे. तुम्हाला त्या नावावर वांगणीत चौरस फुटाला पाचशे जास्त सांगितले तर नकाशा उघडून दाखवा.

तर, पाचपैकी किती? घराला मी चार देते. बिल्डरच्या व्यवहाराला दोन, आणि ते दोनही तात्यांच्या नाण्यामुळे आणि माझ्या अर्जांमुळे. अठरा महिन्यांचा आगाऊ मेंटेनन्स घेतला, त्याचा हिशोब अजून दिलेला नाही, आणि जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही. ती नावावर करून घेण्याच्या, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाच्या, कागदांची फाइल माझ्या कपाटात रोज जाड होते आहे. गावाला तारे देण्याचा मला अधिकार नाही. मी त्यांच्या खाचरावर राहायला आले आहे.

पुन्हा घेशील का, असं चुलतबहिणीने विचारलं होतं. घेईन. सहा वर्षांत एकदाही सामान बांधलेलं नाही. मुलाच्या दहावीच्या वर्षी कुणी येऊन "खोली रिकामी करा" म्हटलं नाही. रेशन कार्डावर, आधारवर, गॅसच्या पुस्तकावर एकच पत्ता आहे. पण घेताना नोव्हेंबरात येणार नाही.

तुम्हीही मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात या. रविवारी नको, कामाच्या दिवशी या, सकाळी सहाला स्टेशनवर गर्दी बघा आणि साडेसहाला गेटवर. टँकर आलेला असेल. पाइपाजवळ कमरेवर हात ठेवून एक म्हातारे गृहस्थ उभे असतील. त्यांना विचारा, ते सगळं सांगतील, आणि तुमच्याकडे टेप असेल तर फ्लॅट मोजायलाही येतील.